कोऱ्या चिठ्ठ्यांवरच्या सह्या

चौथीतल्या मोनिकाचं अक्षर अख्ख्या शाळेत सगळ्यात चांगलं होतं, आणि तिच्या निम्म्या अडचणी त्यापायीच होत्या. नोटीस लिहायची, मोनिकाला बोलवा. निमंत्रण लिहायचं, मोनिकाला बोलवा. वडील वाळूजच्या एका कंपनीत कामाला होते. तेसुद्धा घरी आल्यावर म्हणायचे, "मोने, एवढा रजेचा अर्ज लिहून दे बरं."

बजाजनगरातल्या तिच्या शाळेत त्या वर्षी चारुता मॅडम नव्यानं आल्या. व्हरांड्यात पुस्तकांचं एक लोखंडी कपाट होतं. त्याला कुलूप होतं, आणि किल्ली कुठं आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मॅडमनी पहिल्या आठवड्यात कुलूप तोडायला लावलं, दुसऱ्या आठवड्यात पुस्तकं झटकून घेतली आणि तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या भिंतीवर पिवळा कागद चिकटवून वर मोनिकाकडून लिहून घेतलं, 'मी हे वाचलं, तुम्हीही वाचा.' ज्यानं जे पुस्तक वाचलं त्यानं त्याबद्दल चिठ्ठी लिहायची, खाली नाव घालायचं आणि भिंतीवर लावायची. मुलांनी तर लिहायचीच, पण शिक्षकांनी आणि बाकीच्यांनीही लिहायची.

"मुलांना वाचा म्हणायचं आणि आपण मोबाइल बघत बसायचं, हे बरं दिसत नाही," मॅडम शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. चिठ्ठी कुणी लिहिली नाही.

शेवटी एका शुक्रवारी मॅडमनी मोनिकाच्या हातात कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. सोमवारी केंद्रप्रमुख येणार होते. आसपासच्या दहा-बारा शाळांची पाहणी त्यांच्याकडं असते. त्याआधी भिंतीवर मोठ्या माणसांच्या निदान तीन चिठ्ठ्या तरी दिसल्या पाहिजेत, असं मॅडमना वाटत होतं.

मोनिका आधी मुख्याध्यापकांकडं गेली. अनंतराव कुलकर्णी त्यांचं नाव, पण शाळेत सगळे त्यांना मोठे सर म्हणत. ते संगणकावर कसलातरी फॉर्म भरत होते आणि फॉर्म पुढं सरकत नव्हता.

"काय लिहायचं असतं?" त्यांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"तुम्हाला आवडलेलं लहान मुलांचं पुस्तक, सर. आणि का आवडलं ते."

"तुझं अक्षर चांगलं आहे. चार ओळी तूच लिही. चांगलं काहीतरी लिही. ही घे सही."

आणि कोऱ्या चिठ्ठीच्या तळाशी त्यांनी झोकात सही करून दिली.

खेळाचे इंद्रजीत सर मैदानावर चुना टाकत होते. त्यांनी शिट्टी तोंडातून न काढताच मान हलवली, चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून सही केली, मग शिट्टी काढून म्हणाले, "पळण्याबिळण्याचं काही असलं तर टाक माझ्या नावानं."

तिसरी चिठ्ठी आशाबाईंची. आशाबाई शाळेत खिचडी शिजवायच्या. जेवणं उरकली होती आणि त्या उद्याचे तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"मावशी, हितं सही करा. मी लिहिते काहीतरी."

"सही येती मला. वाचताना मात्र अडकतंय," आशाबाई म्हणाल्या. "पण पुस्तक वाचल्याबिगर सही कशी करू? ते खोटं व्हईल की."

मोनिकाला हे अपेक्षित नव्हतं. तिनं कपाटातून 'म्हैस तळ्यातच बसली' हे पातळसं पुस्तक आणलं आणि वाचून दाखवलं. आशाबाई खडे टिपत ऐकत होत्या. गोष्ट संपल्यावर त्यांनी सूप बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "लिही. ह्या पुस्तकात म्हैस दिवसभर बसली पण शेण कुठंच टाकलं नाय. लिहिणाऱ्यानं म्हैस पाळलेली दिसत नाय. पण तळ्यात बसली की उठत नाय, ते मात्र खरं हाय. त्या पानाला मी लई हसले. सगळ्यांनी वाचा."

मोनिकानं एक शब्द न बदलता लिहिलं. आशाबाईंनी पदराला हात पुसून खाली सावकाश सही केली.

घरी जाताना मोनिकाच्या दप्तरात दोन सह्यांच्या कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. तिच्या बाकावर बसणारा गोकुळ सोबत होता. त्याला हे कळलं तसा तो रस्त्यातच थांबला.

"सही आधी अन् मजकूर मागून? आता तू काय बी लिहू शकतीस. सोमवारपासून आठ दिवस सुट्टी, असं लिही."

"येडा हैस का. ही पुस्तकाची चिठ्ठी हाय."

पण गोकुळनं पेटवलेली काडी काही विझली नाही. संध्याकाळी मोनिका दारासमोरच्या पायरीवर बसली. 'हे पुस्तक फार छान आहे, यातून चांगला बोध मिळतो,' असं लिहिता आलं असतं. भिंतीवर तसल्या सत्तावीस चिठ्ठ्या आधीच होत्या, आणि त्या वाचून कपाटातलं एकही पुस्तक कुणी हलवलं नव्हतं. मोनिकाला त्या कपाटातली दोन पुस्तकं जिवापाड आवडायची. ती कुणीतरी वाचावीत असं तिला मनापासून वाटत होतं. तिनं पेनाचं टोपण चावलं आणि लिहायला घेतलं.

मोठ्या सरांच्या नावावर तिनं 'अंधाराला घाबरणारं भूत' हे पुस्तक घातलं. 'मी रोज रात्री दिवा लावून झोपतो. अंधारात मला भीती वाटते. मला वाटायचं, आपण एकटेच असे आहोत. पण या पुस्तकातलं भूतसुद्धा घाबरतं. ज्यांना भीती वाटते त्यांनी हे वाचावं. ज्यांना वाटत नाही ते खोटं बोलतात, त्यांनीही वाचावं.'

इंद्रजीत सरांच्या नावावर 'सशाला पळायचं नव्हतं'. 'लहानपणी मला पळायचा कंटाळा यायचा. खेळाच्या तासाला मी पोट दुखतं म्हणून सांगायचो. या सशानं पण तेच केलं. मला तो फार आवडला.'

सोमवारी सकाळी चिठ्ठ्या लागल्या. चारुता मॅडम केंद्रप्रमुखांच्या तयारीत होत्या. त्यांनी घाईत भिंतीचा फोटो काढला, पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि चिठ्ठ्या वाचायचं मागं ठेवलं. मुलांनी मात्र ठेवलं नाही. पहिल्या सुट्टीत व्हरांड्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. तिसरीतली पोरं पाचवीतल्यांना ढकलत होती. भुताचं पुस्तक गोकुळनं सगळ्यांत आधी पटकावलं आणि शर्टात खुपसून बसला. सशाच्या पुस्तकावर दोघी मुलींनी एकदम हात टाकला, मग दोघींनी मिळून वाचायचं ठरलं. आशाबाईंची चिठ्ठी वाचून एक जण म्हशीचं पुस्तक शेणासाठी पानोपान तपासत होता.

केंद्रप्रमुख रामकिसन जाधव अकराला आले. स्वभावानं गंभीर माणूस. हातात फाइल, कपाळाला आठी. ते भिंतीसमोर उभे राहिले, मोठ्या सरांची चिठ्ठी त्यांनी वाचली, पुन्हा वाचली, आणि आठी हळूहळू गेली.

"कुलकर्णी सर," ते म्हणाले, "मुख्याध्यापकानं इतकं मोकळेपणानं लिहिलेलं मी कुठं पाहिलं नाही. ही गोष्ट आज तुम्हीच मुलांना सांगा. मी ऐकायला बसतो."

मोठ्या सरांनी चिठ्ठीकडं पाहिलं. खाली त्यांचीच सही होती. वरचं अक्षर कुणाचं, ते शाळेतल्या कुणालाही विचारावं लागलं नसतं.

"पाच मिनिटं द्या, साहेब," ते म्हणाले. "मोनिका, ऑफिसात ये."

ऑफिसचं दार लागलं. मोनिकाच्या पोटात खरोखरीच दुखायला लागलं.

"मी दिवा लावून झोपतो, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाय, सर. मी मनानं लिहिलं."

"मनानं?"

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. सरांना ऐकायला थोडं कमी यायचं, म्हणून त्यांच्या फोनचा आवाज कायम वाढवलेला असे. पलीकडून कालिंदीकाकू, म्हणजे सरांच्या बायको, बोलत होत्या, आणि त्यांचं बोलणं मोनिकाला स्पष्ट ऐकू आलं.

"अहो, खालच्या मजल्यावरच्या बाईंनी शाळेच्या ग्रुपवरचा फोटो दाखवला मला. दिव्याचं मी कुणाला सांगितलेलं नाही बरं का. तीस वर्षांत माहेरीसुद्धा बोलले नाही. तुम्ही स्वतःच लिहिलंत म्हटल्यावर मला काय बोलावं तेच कळेना. बरं केलंत पण."

सरांनी "नंतर बोलतो" म्हणून फोन ठेवला. मोनिका पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. हसू येऊ नये म्हणून तिनं गाल आतून चावून धरले होते.

सर खुर्चीत बसले. "बरं. आता त्या पुस्तकात काय आहे ते पटकन सांग."

"सर, सोळाच पानं हायत. वाचा की."

हे वाक्य तोंडातून निसटल्यावर तिला वाटलं, आता संपलं. पण सरांनी फक्त हात पुढं केला. मोनिका धावत वर्गात गेली. गोकुळ पुस्तक सोडेना. "माझी तीन पानं ऱ्हायलीत. सरांना सांग, माझं झाल्यावर." शेवटी सरांच्या नंतर पहिला नंबर त्याचाच, या बोलीवर त्यानं ते शर्टातून काढून दिलं.

मोठे सर वाचू लागले. पहिली दोन पानं त्यांनी भराभर उलटली. तिसऱ्यावर थांबले. भुतांच्या शाळेत नवीन आलेलं ते भूत रात्री गोधडीत काजवा लपवून झोपतं, आणि बाकीच्या भुतांना ते कळतं, तिथं सरांनी चष्मा काढून पुसला. अकराव्या पानावर ते मोठ्यानं हसले.

"ह्या पानाला मीपण हसले होते, सर."

"गप्प बस. वाचू दे."

पाच मिनिटांची वीस मिनिटं झाली. बाहेर जाधव साहेबांना आशाबाईंनी खिचडी वाढली आणि म्हशीच्या पुस्तकाबद्दलचं आपलं म्हणणं पहिल्यापासून सांगितलं. साहेबांच्या गावाकडं चार म्हशी होत्या. त्यांना ते शंभर टक्के पटलं.

मग पत्र्याच्या शेडखाली सगळी शाळा बसली आणि मोठ्या सरांनी गोष्ट सांगितली. पुस्तक हातात होतं, पण ते बघून वाचलं नाही. भुतांच्या मास्तरांचा आवाज त्यांनी असा काढला, की पहिलीतली मुलं एकमेकांना चिकटली. गोष्ट संपल्यावर त्यांच्यातल्याच एकीनं हात वर केला.

"सर, तुम्ही खरंच दिवा लावून झोपता?"

सरांनी मोनिकाकडं एकदा पाहिलं. मोनिका गोकुळच्या पाठीमागं सरकली.

"हो," सर म्हणाले. "लहानपणी आम्ही मुकुंदवाडीला राहायचो, रुळांना लागून. मालगाडी आली की तिच्या दिव्यानं भिंतीवर सावल्या पळायच्या आणि गाडी गेली की गच्च अंधार व्हायचा. तेव्हापासून लावतो. निळा आहे, लहानसा."

कुणी हसलं नाही. मग भराभर हात वर झाले. एकाला पालीची भीती, एकीला शिंकणाऱ्या आजोबांची. गोकुळला मिक्सरची. जाधव साहेबांनी फाइल मिटली आणि सांगितलं की ते चौथ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत.

साहेब गेले आणि मग मोनिकाची खरी सुनावणी झाली. ऑफिसात मोठे सर, इंद्रजीत सर आणि चारुता मॅडम. इंद्रजीत सर तापलेले होते. त्यांच्या तासाला नऊ मुलांचं पोट दुखत होतं आणि नऊही जण त्यांनाच साक्षीला धरत होते.

"मी तालुक्याला पहिला आलेलो आहे पळण्यात," ते म्हणाले. "दोनदा."

मॅडम हसत नव्हत्या. "मोनिका, दुसऱ्याच्या सहीवर आपलं म्हणणं लिहायचं नसतं. आज निभावलं. उद्या एखाद्याला लागलं असतं. सरांना सगळे हसले असते तर?"

मोनिकाला एकदम तसं दिसलं: शेडखाली सगळी शाळा हसतेय आणि मधे सर उभे आहेत. तिचे डोळे भरून आले. "चुकलं, सर," ती म्हणाली.

"आणि," मॅडम दोन्ही सरांकडं वळल्या, "कोऱ्या कागदावर सही करायची नसते."

मोठे सर खिडकीबाहेर बघू लागले. इंद्रजीत सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली.

ठरलं असं, की दोन्ही चिठ्ठ्या काढायच्या आणि दोन्ही सरांनी आपापलं पुस्तक वाचून आपल्या हातानं लिहायचं. मोनिकाला शिक्षा, महिनाभर रोज जेवणानंतर आशाबाईंना एक पुस्तक वाचून दाखवायचं. मोनिकानं चेहरा होईल तितका पाडला.

इंद्रजीत सरांची चिठ्ठी बुधवारी लागली, वेड्यावाकड्या अक्षरात. 'सशाचं पुस्तक वाचलं. ससा चुकला असं मला म्हणता येत नाही. तरी माझ्या तासाला पोटदुखी चालणार नाही.' मोठ्या सरांनी गुरुवारी लावली. मजकूर जवळपास मोनिकाचाच होता. फक्त शेवटी एक ओळ जास्त होती, 'गोकुळची तीन पानं राहिली आहेत, त्यानं पुस्तक नेलं असेल तर कुणी ओरडू नये.'

आशाबाईंना रोज एक पुस्तक मिळू लागलं. त्यांना कुठलंच पुस्तक सरळ पसंत पडायचं नाही. राजाच्या गोष्टीत साधी भाजी निवडता येत नाही म्हणून त्यांनी राजाला धारेवर धरलं, परीच्या गोष्टीत परीच्या आईला. मोनिकाच्या जोडीला आधी गोकुळ बसू लागला, मग सशावाल्या त्या दोघी, मग तांदूळ निवडायला सात-आठ जण. तांदूळ इतके स्वच्छ कधी निघाले नव्हते.

महिना संपत आला तशी मोनिका बेचैन झाली. तिनं चारुता मॅडमना गाठलं. "मॅडम, शिक्षा वाढवून मिळती का?"

"उगाच कशी वाढवणार?" मॅडम वह्या तपासत म्हणाल्या. "काहीतरी कारण लागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाजवळच्या फळ्यावर, जिथं रोज थोरामोठ्यांचं एखादं वाक्य असायचं, तिथं अतिशय सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं, 'ज्या राजाला भाजी निवडता येत नाही, त्यानं जेवायची घाई करू नये. - आशाबाई, स्वयंपाकघर.'

आशाबाईंनी ते बोट लावून, अडखळत, स्वतः वाचलं. मोठ्या सरांनी दोनदा वाचलं आणि फळा पुसायचा नाही म्हणून सांगितलं. मोनिकाची शिक्षा पंधरा दिवसांनी वाढली.