सोनं उतरलेला प्लग

मी एक प्लग. हेडफोनच्या वायरीच्या टोकाला असतो तो. जाडीला पेन्सिलीएवढा आणि एके काळी पिवळाधमक. माझ्याकडे मुद्दाम कुणी पाहत नाही. हात येतो, मला भोकात खुपसतो आणि कान कामाला लागतात. पण अलेक्झांड्रियात एका दुपारी अख्खी गल्ली श्वास रोखून माझ्याकडे बघत होती. ती गोष्ट सांगतो.

माझं सोनं म्हणजे नुसता मुलामा. आत पितळ, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर सोन्याचा पातळसा थर. सोनं गंजत नाही, म्हणून आवाज निर्मळ जातो. पण ते मऊ असतं. आत जाताना आणि बाहेर येताना सॉकेटची पट्टी दर वेळी त्यातलं थोडं खरवडून घेते.

मी पाणीपुरवठा खात्यातल्या नज्वाकडे होतो. तिचं काम गळती शोधायचं. रस्त्यावर जमिनीतला आवाज टिपणारी एक जड डबी ठेवायची, कमरेच्या यंत्रात मला खोचायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. जमिनीखाली कुठे पाणी पळतंय ते तिला कळे. काम संपलं की रुमालाच्या टोकानं ती मला पुसायची.

"मदाम नज्वा, या प्लगला जेवढं जपता तेवढा नवऱ्याचा चष्मा कधी पुसलात का?" खात्याचा गाडीवाला चिडवायचा.

"चष्मा पुसला तर त्याला माझ्या सुरकुत्या दिसतील!"

मग यंत्राचं सॉकेट तुटलं. बाजारातून दुसरं आणून बसवलं, ते आतून कथलाचं. कथलाचं आणि सोन्याचं जमत नाही. एकमेकांवर घासून काळी भुकटी साठते. त्यात तिथली खारी हवा. माझ्या टोकाचं सोनं गेलं, निकेल गेलं, पितळ उघडं पडलं. नज्वा चालू लागली की कानात खरखर, मध्येच टक्, मध्येच काही नाही. नवी वायर मागवून ती थकली. "येईल, येईल," एवढंच उत्तर. तोवर ती मला बोटांनी गोल फिरवून गप्प करायची.

त्या दुपारी एका गल्लीतली पाच मजली इमारत कोसळली. सुटका पथकाची ऐकायची यंत्रं दुसऱ्या गावी गेली होती, म्हणून पथकाचा अधिकारी रिफअत याने पाणी खात्याला फोन लावला. नज्वा पोचली तेव्हा हवेत सिमेंटची धूळ होती. शेजारची भिंत झुकली होती.

"भिंतीला धक्का न लावता एकाच बाजूनं उपसता येईल," रिफअत म्हणाला. "जिन्याकडून किंवा स्वयंपाकघरांकडून. तुम्ही ऐका आणि सांगा."

त्यानं हात वर केला. खणायची यंत्रं बंद झाली. कोपऱ्यावर ट्राम थांबली. अस्रची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, अजान झाली, तीही भोंग्याशिवाय, मुअज्जिनानं हलक्या आवाजात दिलेली.

नज्वानं जिन्याकडच्या लादीवर डबी ठेवली. टक्. मग खरखर. पुन्हा टक् टक्.

"आहे कुणीतरी इथे."

"नाही!" एक माणूस पुढे आला. त्याच इमारतीत राहणारा शुक्री. शिंपीकाम करायचा, सगळे त्याला उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणत. "माझी इन्साफ स्वयंपाकघरात होती. तिकडे खणा! तुमची वायर तुटकी आहे, मला इथपर्यंत खरखर ऐकू येतेय. त्या आवाजावर माझ्या बायकोला सोडून देणार?"

  त्याचं खरं होतं. तो टक् खालचा होता की माझा, हे मलाही सांगता आलं नसतं. नज्वानं मला फिरवून पाहिलं. मी आणखीच खरखरलो.

मग ती म्हणाली, "उस्ता, तुमचा हात स्थिर आहे. हा प्लग एका बाजूला दाबून धरा. हलू देऊ नका."

शुक्रीनं मला धरलं. सुई धरणारी बोटं ती. त्यानं मला असं दाबलं की माझं उरलंसुरलं सोनं बरोबर पट्टीला टेकलं. खरखर थांबली. रिफअत लादीशी वाकून ओरडला, "ऐकू येत असेल तर तीनदा ठोका!"

कितीतरी वेळ काहीच नाही. मग आलं. टक्. टक्. टक्.

नज्वानं हेडफोनचा एक कान शुक्रीच्या कानाला लावला. त्यानं ऐकलं. त्याची बोटं घामेजली, पण हलली नाहीत.

"ही इन्साफ नाही," तो म्हणाला. "ती जिन्याकडे कशाला येईल!"  मग तोच म्हणाला, "खणा. जिन्याकडून खणा."

सूर्य बुडायच्या आत चौथ्या मजल्यावरची बहिया, एक शिक्षिका, जिवंत बाहेर आली. हातात चमचा होता. लोक रडत होते, टाळ्या वाजवत होते. शुक्री बसल्या जागेवरून उठला नाही.

"आता इकडे ऐका," तो म्हणाला.

नज्वानं स्वयंपाकघराकडे डबी ठेवली. त्यानं मला पुन्हा तसंच धरलं. रिफअत ओरडला. थांबला. पुन्हा ओरडला.

काहीच नाही.

"प्लग खराब आहे," शुक्री म्हणाला. "गेला तो. काही ऐकू येत नाही त्यातून."

नज्वानं हेडफोनचे दोन्ही कान त्याच्या डोक्यावर चढवले. खडा उचलला आणि पलीकडच्या टोकाला लादीवर हळूच आपटला. त्याच्या कानात तो आवाज लख्ख गेला. त्यानं मान खाली घातली.

"थोडा वेळ राहू द्या माझ्याकडे," तो म्हणाला. तिनं राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्साफला बाहेर काढलं. डॉक्टर म्हणाले, इमारत पडली तेव्हाच ती गेली होती. शुक्रीनं हे रिफअतला दोनदा सांगायला लावलं.

नंतर नज्वानं मला कापून टाकलं. यंत्राला नवी वायर आली आणि सॉकेटही सोन्याचंच. आता मी खात्यातल्या एका डब्यात, स्क्रूंमध्ये पडून आहे. मला तक्रार नाही. झिजणं माझ्या जातीत आहे. तुम्हाला एवढंच सांगतो, प्लग खरखरू लागला की त्याला फिरवून गप्प करू नका, वेळेवर बदला. त्या दिवशी शुक्रीची बोटं घसरली असती, तर ती शांतता खरी होती की माझी, हे त्या माणसाला कुणी सांगितलं असतं?