परिपूर्ण आरोग्य

परळच्या त्या चर्चमधल्या प्रार्थना-यादीला दोनच रकाने होते, ‘विनंती’ आणि ‘उपकारस्तुती’. देवाने नकार दिला तर तो कुठे लिहायचा, याची तरतूद तीन पिढ्यांत कुणालाही सुचली नव्हती. विनंतीतला माणूस बरा झाला की त्याचे नाव उपकारस्तुतीत जाई. मेला तरी तिथेच जाई. फक्त मजकूर बदले.

सुमेधाला हे त्या रविवारी, उपासनेला दहा मिनिटे असताना कळले. सगळ्या मंडळीच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणी मांडायची पाळी त्या दिवशी तिची होती. महिला मंडळाच्या सेक्रेटरी गुणवंतीबाईंनी यादी तिच्या हातात ठेवली. उपकारस्तुतीतली पहिलीच ओळ होती : ‘बंधू यशोधन यांस प्रभूने परिपूर्ण आरोग्य दिले.’

यशोधन तिचा नवरा. सात महिने विनंतीच्या रकान्यात काढून महिन्यापूर्वी वारला. शेवटच्या आठवड्यात त्याला पाण्याचा घोट गिळता येत नव्हता आणि करी रोडच्या घरात बायका त्याच्या खाटेभोवती उपास धरून बसल्या होत्या. बावीस वर्षे तर्कशास्त्र शिकवणारी सुमेधाही त्यांच्यात होती. गुडघे टेकून, लाज सोडून. त्यानंतर ती देवाशी एक शब्दही बोलली नव्हती. तो नाहीच, हा निष्कर्ष तिला पुरेसा सुटसुटीत वाटत होता. आजची पाळी निभावायची आणि पुन्हा इकडे फिरकायचे नाही, असे ठरवूनच ती आली होती.

“हे काय लिहिलंय, गुणवंतीबाई?”

“सगळ्यांचं असंच लिहितो गं. तिकडे कसलं दुखणं आलंय आता त्यांना?”

“मग मुळात बरं होणं कशाला मागितलं? सरळ मरणच मागायचं होतं. लवकर मिळालं असतं.”

“शी! जिभेला काही हाड?”

पाळक हितेंद्र लगबगीने मधे पडले. “ताई, तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण मंडळीत दुबळ्या विश्वासाची माणसं आहेत. ती डळमळतील.”

“पाळकसाहेब, एका खऱ्या वाक्याने डळमळणारा विश्वास जपून त्याचं करणार काय तुम्ही?”

“बरं, ती ओळ गाळा. पुढचं वाचा.”

म्हणजे आता तो कुठल्याच रकान्यात उरणार नव्हता. देवाची अब्रू राखण्यासाठी माणसे किती सहजपणे माणूस खोडतात, हे तिने पाहिले.

ती पुढे गेली. मंडळीने डोळे मिटले. तिने मिटले नाहीत. विनंत्या तिने एकेक करून नीट वाचल्या : कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलीचे लग्न, कुणाची गेलेली नोकरी. मग यादी दुमडली.

“प्रभू, यशोधनला तू बरं केलं नाहीस. आम्ही मागितलं, तू दिलं नाहीस. त्याला परिपूर्ण आरोग्य वगैरे काही मिळालेलं नाही, तो मेला आहे. तुझ्या वतीने ही मंडळी सारवासारव करतात, ती तू खपवून घेतोस. तुझ्या मुलानेसुद्धा वधस्तंभावरून ‘का’ म्हणून विचारलं, तेव्हाही तू गप्पच होतास. मला तुझं सांत्वन नको. का, ते सांग.”

‘आमेन’ ती म्हणाली नाही, त्यामुळे कुणालाच म्हणता येईना. मिटलेले डोळे हळूहळू उघडले. मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला आणि तो दाबलाही. पाळकांनी पेटीवाल्याला खूण केली. गीत सुरू झाले, माणसे सुटल्यासारखी उभी राहिली आणि नेहमीपेक्षा मोठ्याने गाऊ लागली.

सुमेधा जागची हलली नाही. दोन कडवी झाली. ती कशासाठी थांबली आहे हे तिसऱ्या कडव्याला तिच्या ध्यानात आले : ती उत्तराची वाट पाहत होती. जो नाही त्याची वाट कुणी पाहत नाही. महिनाभर जपलेला निष्कर्ष असा तिच्या डोळ्यांदेखत कोसळला, आणि गप्प राहून वाट पाहायला लावायच्या या लबाडीबद्दल तिला देवाचा इतका संताप आला की खाली बसायचे सोडून ती पुन्हा, या वेळी मनातल्या मनात, पहिल्या वाक्यापासून सुरू झाली.