दुपारची पुसापुशी

कॉम्प्युटरची हिस्टरी मी पहिल्यांदा पुसली तेव्हा आमच्या घरात चोरी झाल्यासारखा गोंधळ उडाला होता. २००५ साल. मखमलाबादच्या रस्त्याला आमचं घर, मागे अर्ध्या एकराचं पॉलिहाउस आणि त्यात गुलाब. फुलांचे मुंबई-दिल्लीचे भाव घरबसल्या बघता यावेत म्हणून माझ्या नवऱ्याने द्वारका चौकातल्या एका दुकानातून कॉम्प्युटर आणला होता. इंग्रजी स्पेलिंगशी त्याचं हाडवैर, म्हणून त्याने स्वतःची युक्ती शोधून काढली होती. पडद्यावर घड्याळाचं चित्र असतं, ते दाबलं की आधी बघितलेल्या साइटांची यादी डावीकडे उघडते. त्या यादीत वरून तिसरी ओळ म्हणजे मुंबई आणि पाचवी म्हणजे दिल्ली. हा माणूस ओळी वाचायचा नाही, बोटाने मोजायचा.

आणि मी ती अख्खी यादीच साफ केली.

“तात्या, माझी मुंबई गेली!” सकाळी सहाला नवरा ओरडला.

“भारत, अरं येवढा पैसा घालून आनलं मशीन, बिघडलं व्हय?” सासरे खंडेराव चहाची बशी घेऊनच आत आले.

मी मुकाट्याने खुर्चीत बसले, मुंबईचा पत्ता पाठ होता तो टाइप केला आणि भाव दाखवले. सासूबाई, म्हणजे आमच्या नवसाबाई, दारातून म्हणाल्या, “सूनबाई लय हुशार हाय बघा.” मनातल्या मनात मी कपाळावर हात मारून घेतला. पुसायला गेले होते स्वतःची पावलं आणि पुसला घराचा रस्ता.

पावलं कसली, तेही सांगते. मी बी.एस्सी., बॉटनी. लग्न ठरताना ‘नोकरीचं पुढे बघू’ असं म्हणाले होते, आणि ते ‘पुढे’ पाच वर्षं झाली तरी आलं नव्हतं. सिन्नरला केळीची रोपं तयार करणारी एक प्रयोगशाळा निघाली होती, तिथे बाई असिस्टंट हवी होती. बाटलीतलं रोप, पांढरा कोट, सकाळची एसटी आणि संध्याकाळी परत. मला आयुष्यात एवढंच हवं होतं, आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही. सकाळी उठून गुलाबाच्या काड्यांचे काटे सोलायचे, दुपारी स्वयंपाक, संध्याकाळी पुन्हा काड्यांना कागद गुंडाळायचा. पॉलिहाउसची जाळीची दारं एकामागून एक अशी दोन असतात, कीड आत येऊ नये म्हणून. मी आत गेले की दोन्ही लावून घ्यावी लागत, आणि मला खरंच श्वास कोंडल्यासारखं व्हायचं.

मी कोणाला न सांगता मेलवरून अर्ज केला. ‘मुलाखतीची तारीख कळवू,’ असं त्यांचं उत्तरही आलं. त्यानंतर मी एक शहाणपण शिकले. अख्खी यादी पुसायची नाही, फक्त आपली ओळ गाठायची, उजवं बटण दाबायचं आणि तेवढीच काढायची. माझी एक ओळ राहिली असती तर नवऱ्याची मुंबई चौथ्या जागी गेली असती आणि त्याला सिन्नर उघडलं असतं. म्हणून रोज दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की मी मेल बघायची, ओळ पुसायची आणि पुन्हा मोजून घ्यायची. एक, दोन, तीन, मुंबई. एखाद्या दिवशी पुसलं की नाही हे आठवायचं नाही आणि भाकरी तव्यावर तशीच टाकून मी पुन्हा ओळी मोजायला धावायची. देवाशपथ सांगते, लपूनछपून प्रेम करणाऱ्या बायकासुद्धा इतक्या भीत नसतील.

दोन महिने झाले, तारीख काही येईना. मी त्या प्रयोगशाळेला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका. बोलावायचं नव्हतं तर आशा कशाला लावली? नंतर स्वतःलाच बोल लावू लागले. पाच वर्षं काटे सोलणाऱ्या बाईला कोण विचारणार?

मधे कॉम्प्युटर कासवासारखा चालायला लागला. नवऱ्याने दुकानातून स्वराजला बोलावलं. तिशीचा, चष्मेवाला, कामापेक्षा समजावून सांगण्याचा सोस जास्त. एका दुपारी तो आला आणि सगळं घर त्याच्यामागे गोळा झालं. सासूबाई पानसुपारीचा बटवा घेऊन जमिनीवर, सासरे पलंगावर, नवरा त्याच्या खांद्याशी आणि मी चहाचा ट्रे घेऊन दारात.

“भाऊ, हिस्टरी पुसली की सगळं गेलं असं लोकांना वाटतं,” स्वराज म्हणाला. “तसं नसतं. पुसते ती नुसती यादी. बघितलेली पानं आत साठत राहतात. आता हे बघा, किती हजार आहेत.”

दोन महिने मी नुसती यादीच पुसत होते!

“एखादं उघडून दाखवतो,” तो म्हणाला, आणि मी ‘नको’ म्हणायच्या आत त्याने उघडलंसुद्धा.

माझाच मेल होता. वर माझं नाव, मनीषा. प्रयोगशाळेचं पत्र. पण हे पत्र मी कधी बघितलंच नव्हतं. इंग्रजीत लिहिलं होतं: मुलाखतीला येणार नसल्याचं आपण कळवलंत, आभारी आहोत. त्याखाली ज्या मेलला हे उत्तर होतं तो मेल, इंग्रजी अक्षरांत मराठी, चुकतमाकत लिहिलेला: ‘मला नोकरी नको. मी घरी सुखी आहे. मनीषा.’

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पडद्याकडे पाहत नव्हता, स्वतःच्या चपलांकडे पाहत होता.

“पासवर्ड कसा कळला तुम्हाला?” मी विचारलं.

“मेलच्या पानावर इंग्रजी ‘एम’ दाबला की तुझं नाव आपोआप खाली येत होतं,” तो हळूच म्हणाला. “पासवर्डला आधी माझंच नाव घालून बघितलं. लागलं.”

लागणारच होतं. पाच वर्षांत ते नाव मी या घरात एकदाही उच्चारलं नव्हतं, आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. म्हणून मला वाटलं होतं, माझ्या तोंडून कधी न निघालेला शब्द कोणाच्या डोक्यात येणार? आणि याच्या डोक्यात तोच पहिला आला. मुलाखतीच्या तारखेचं पत्र वाचून, उत्तर देऊन, सगळं काढून टाकून हा माणूस सकाळी शांतपणे मुंबई मोजत बसत होता.

“काय लिवलंय गं त्यात?” सासूबाईंनी विचारलं.

मी सगळं वाचून दाखवलं. सिन्नर, नोकरी, मुलाखत आणि ती दोन वाक्यं. सुपारी कातरायची थांबली. मला वाटलं, आता कोणीतरी त्याला विचारेल.

सासरे म्हणाले, “मंग झालं काय येवढं? नवऱ्यानं लिवलं म्हंजी तूच लिवलं की.”

ते रागाने बोलले नाहीत, अगदी समजूत घालावी तसं म्हणाले, आणि तेच मला जास्त झोंबलं. ओरडले असते तर मी भांडले असते. ज्याला ही चूकच वाटत नाही त्याच्याशी काय भांडणार?

“ही पानं काढून टाकू का?” स्वराजने विचारलं. बिचारा घामाघूम झाला होता.

“नको,” मी म्हणाले.

“काढा,” नवरा म्हणाला.

स्वराजने नवऱ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. त्याचा तरी काय दोष, बोलावणारा नवराच होता. पण पत्राच्या तळाशी फोन नंबर होता, आणि पत्ते-आकडे एकदा वाचले की माझ्या डोक्यात बसतात. मी ट्रे खाली ठेवला, कोपऱ्यातला फोन उचलला आणि सगळ्यांदेखत नंबर फिरवला. एकदा चुकला, पुन्हा फिरवला.

कोणीतरी बाई बोलल्या. मी नाव सांगितलं. त्यांना आठवलं.

“अहो, ती जागा भरली,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच कळवलं होतं ना, नोकरी नको, घरी सुखी आहे म्हणून?”

नवरा माझ्याकडे बघून मान हलवत होता, ‘ठेव’ म्हणून. सासरे पलंगावरून उठून उभे राहिले होते.

“ते मी लिहिलं नव्हतं,” मी म्हणाले.

“म्हणजे? नोकरी हवी होती का तुम्हाला?”

“हो,” मी म्हणाले, “आणि दुसरं वाक्यही खोटं आहे.”