डावीकडून दोघं

“ह्या दोन डब्यांमधली वायर केवढी आहे?” वन्संनी विचारलं, आणि दुकानातला विक्रेता पहिल्यांदाच गप्प झाला.

तोवर पंधरा मिनिटं त्याची टकळी अखंड चालू होती. स्पीकर घ्यायचे तर लाल-निळे दिवे लागणारे घ्या, जमिनीवर ठेवायचा मोठा डबा असलेले घ्या, खेळात गोळी सुटली की बसल्या जागी खुर्ची हादरली पाहिजे. हे सगळं तो माझ्याकडे बघून सांगत होता. केस पिकलेल्या दोन बायका कॉम्प्युटरच्या दुकानात आल्या म्हणजे दुसऱ्या कुणासाठी तरीच आल्या असणार, असं तो धरून चालला होता. नातू केवढा आहे, हेही त्यानं विचारून घेतलं. वन्सं म्हणाल्या, “नातू नाही. मी खेळते.” त्यावर तो हसला, आणि वन्सं हसत नाहीत असं दिसल्यावर त्यानं हसू आवरलं.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या. कुठलाही डॉक्टर पलीकडून नुसता ‘हॅलो’ म्हणाला की तो कोण, कुठल्या मजल्यावरचा आणि जेवला आहे की नाही हे वन्सं सांगत, असं त्यांच्या बरोबरीच्या बायका सांगतात. त्यातलं जेवणाचं मला पटत नाही, बाकीचं पटतं.

खरं सांगायचं तर आम्हा दोघींचं फारसं सख्य नव्हतं. भांडण असं कधी झालं नाही. पण स्वयंपाकघरात मी ओट्यापाशी उभी राहून काही विचारावं आणि शेजारी भाजी निवडत बसलेल्या वन्संनी ऐकून न ऐकल्यासारखं करावं, हे रोजचं झालं होतं. एकदा विचारायचं, दोनदा विचारायचं, तिसऱ्यांदा मी भांडं आपटायची. मग त्या वळून साखरेसारख्या गोड आवाजात म्हणणार, “काही म्हणालीस का गं?” थोरल्या नणंदेचा तोरा, दुसरं काय, असं मी ठरवून टाकलं होतं, आणि माझ्या बहिणीलाही ते मीठमसाला लावून कळवलं होतं.

आमचा मुलगा नोकरीसाठी दूर गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर वन्संच्या खोलीत मांडून गेला आणि जाता जाता आत्याला एक खेळ शिकवून गेला. चौघांनी मिळून गढी राखायची, आणि दुसरे चौघं ती घ्यायला येतात, असा तो खेळ. दर रविवारी दुपारी तीन वाजता मुलगा तिकडून, त्याचे दोन मित्र आपापल्या घरून आणि वन्सं इथून, असे चौघं जमत. मित्रांना वन्संनी कधी पाहिलेलं नाही. आवाजावरून त्यांनीच एकाचं नाव खोकला आणि दुसऱ्याचं घोगरा ठेवलं होतं. ती पोरंही नोकरीधंद्याला लागलेली, पण ह्या नावांना ओ द्यायची. वन्संचं काम बुरुजावर उभं राहून पावलं ऐकायची आणि कोण कुठून येतंय ते बाकीच्यांना सांगायचं. बंदूक चालवायची त्यांना हौस नव्हती. आठवडाभर मला फोनवर ‘बरा आहे, जेवलो’ एवढंच सांगणारा माझा मुलगा त्या दोन तासांत आत्याला सगळं सांगायचा. कचेरीतली कटकट, घरमालकाचा तऱ्हेवाईकपणा, एका मुलीचं नावसुद्धा. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

पण गेले दोन महिने वन्सं चुकत होत्या. “उजवीकडून येतायत,” असं म्हणायच्या, तिघं उजवीकडे धावायचे, आणि शत्रू डावीकडून खुशाल आत शिरायचा. एखाद्या वेळी नाही, दर रविवारी. शेवटी मुलाचा मला फोन आला. पुढच्या महिन्यात स्पर्धा होती. खोकला आणि घोगरा वैतागले होते, त्यांनी आत्याच्या जागी दुसरा कुणीतरी बघूनही ठेवला होता. “आई, तू तिला समजावून सांग ना,” तो म्हणाला. “मला नाही जमायचं.” मी हो म्हटलं आणि तीन दिवस मूग गिळून बसले. चौथ्या दिवशी वन्संनीच पायात चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, चल, स्पीकर आणू, रविवारच्या आत हवेत.

इतकी घाई कशाला, असं मी रस्त्यात विचारलं. त्या चालता चालता म्हणाल्या, “गेल्या रविवारी त्यानं ‘आत्या’ म्हणायच्या आधी श्वास घेतला. तो श्वास मी एकतीस वर्षं ऐकलाय. त्याच्या मागून चांगली बातमी कधी आली नाही. ह्या वेळी जीभ रेटली नाही त्याची, पण पुढच्या रविवारी सांगेल. म्हणजे माझ्या हातात एकच रविवार आहे.” मी रस्त्याकडे बघत राहिले.

निघताना आमच्या ह्यांनी सल्ला दिला होता, की स्पीकर कशाला, कानाला लावायचा हेडफोन घे, स्वस्तात पडेल. पण निवृत्तीच्या दिवशी कानावरचा फोन काढून ठेवताना वन्संनी शपथ घेतली होती, की पुन्हा ह्या कानांवर काहीही चढवायचं नाही. ती शपथ मोडायला त्या तयार नव्हत्या.

तर वायर. ती हातभर आहे, असं विक्रेत्यानं सांगितलं. वन्संना लांब हवी होती, कारण एक डबा जवळ ठेवायचा होता आणि एक दूर. तसं ठेवत नाहीत, दोन्ही सारख्या अंतरावर ठेवतात, असं त्यानं समजावलं. वन्संनी त्याला एक जुनं गाणं लावायला सांगितलं आणि डोळे मिटून स्टुलावर बसल्या. दिव्यांचे स्पीकर दणदणायला लागले. अर्ध्या कडव्यात त्यांनी हात वर केला. “हा पोटातून बोलतो,” त्या म्हणाल्या. “तोंड उघडतच नाही.” आणि खरंच, त्या दणदणाटात गाणाऱ्या बाईचे शब्द कुठल्या कुठे गेले होते. मग दुसरे, चकचकीत आणि सडपातळ. वन्संनी कॉम्प्युटरमध्ये डाव्या बाजूचा आवाज पार वर चढवायला सांगितला. तो चढवला तसा डावा डबा चरचरायला लागला. घरच्या पडद्यातले बारके स्पीकरही असेच करतात, तेवढ्यासाठी पैसे कशाला घालू, असं त्यांनी सुनावलं.

विक्रेत्याला आता चेव आला. त्यानं सगळ्यांत खालच्या फळीवरून लाकडी अंगाची दोन काळी खोकी काढली, फडक्यानं धूळ पुसली. दिवा नाही, चमक नाही, किंमत दिव्यांच्या जोडीच्या निम्मी. हे कुणी नेत नाही काकू, दिसायला काहीच नाहीत, असं तो जरा ओशाळूनच म्हणाला. पण त्यांच्यामधली वायर निघत होती आणि तिच्या जागी हवी तेवढी लांब लावता येत होती. गाणं लागलं. डावी बाजू पार वर चढवली. खोकं ठणठणीत राहिलं, कुठे चरचर नाही की काही नाही.

वन्संनी डोळे उघडले आणि मला स्टुलावर बसवलं. “आता सांग, गाणारी बाई कुठे उभी आहे?”

“डावीकडे,” मी म्हटलं. “अगदी त्या खोक्यातच शिरून बसलीय.”

“मला ती मध्ये ऐकू येते,” वन्सं म्हणाल्या. मग आवाज जरा खाली आणून, “डावा कान गेलाय गं माझा. पार नाही, पण निम्म्याहून जास्त. उजव्या हातानं लिहायचं, म्हणून फोन कायम डाव्या कानावर. वर्ष झालं डॉक्टरांनी सांगून, आणि ह्या दोन महिन्यांत फारच वाढलंय. घरात बोलले नाही. बहिरी झाली, बसवा कोपऱ्यात, असं नको होतं मला.”

ओट्यापाशी मी कायम त्यांच्या डाव्या हाताला उभी असते. हे मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या समजलं. किती भांडी आपटली होती मी, आणि बहिणीला काय काय सांगून ठेवलं होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी वन्संकडे बघूच शकले नाही. विक्रेत्याला म्हटलं, हेच बांधा आणि चांगली लांब वायर द्या. मग मुलाच्या फोनचंही सगळं सांगून टाकलं. वन्संनी ऐकून घेतलं, आपल्या पेन्शनमधले पैसे काढून दिले आणि पिशवीचा एक बंद माझ्या हातात दिला.

शनिवारची अख्खी सकाळ आम्ही खोकी मांडत होतो. डावं वन्संच्या कोपरापाशी आणि उजवं पार पलीकडे खिडकीच्या कट्ट्यावर. आमचे हे मध्ये येऊन दोन्ही सारखी मांडायला लागले, तेव्हा मी त्यांचा हात धरून बाजूला केला. हात लावाल तर दुपारचा चहा विसरा, असं सांगितल्यावर ते दारात जाऊन उभे राहिले. तेच गाणं लावलं. मी विचारायचं, बाई कुठे आहे? त्या म्हणायच्या, खिडकीपाशी. मी खोकं चार बोटं सरकवायचं. आता? जरा पुढे आली. आता? अजून थोडी. कितीतरी वेळानं त्या म्हणाल्या, “आली. समोर उभी आहे.” मग त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून. “ह्याच्यात मागे व्हायोलिन आहे,” त्या म्हणाल्या. “मी विसरूनच गेले होते.” त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही.

रविवारी तीन वाजता मी त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसले. समोरचे चौघं नेहमीचेच होते. दोन महिने आमच्या चौघांना लोळवत आलेले. मुलगा म्हणाला, “आत्या,” आणि त्या आधी त्यानं घेतलेला श्वास मलाही ऐकू आला. वन्सं म्हणाल्या, “ते नंतर सांग. आधी खेळू.”

पाच डाव, त्यांतले तीन जिंकायचे. पहिल्याच डावात वन्सं म्हणाल्या, “डावीकडून दोघं.” कुणी जागचं हललं नाही. आत्या डावीकडे म्हणते म्हणजे काहीतरी चुकतंय, असं ज्यानं त्यानं मनात धरलं. शत्रू डावीकडूनच आला आणि गढी गेली. घोगरा नुसता “हं” म्हणाला. मला वाटलं, संपलं. वन्संनी फक्त खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.

दुसऱ्या डावात पुन्हा, “डावीकडून दोघं. जिना चढतायत. जड पायाचा मागे आहे.” ह्या वेळी माझा मुलगा एकटाच डावीकडे गेला. जिन्याच्या तोंडाशीच त्यानं पुढच्याला गाठलं, आणि मागचा जड पायाचा धापा टाकत वर आला, तोही आयताच सापडला. खोकला म्हणाला, “अरे, खरंच होते.” त्यानंतर त्यांच्यातला कुणी थांबला नाही. तिसरा डाव गेला, पण तो घोगऱ्याच्या आगाऊपणामुळे, आणि तसं त्यानं कबूलही केलं. चौथा राखला.

शेवटच्या डावात समोरच्या दरवाज्यावर जी धावपळ सुरू झाली, ती मलासुद्धा ऐकू आली. तिघंही तिकडे निघाले. “जाऊ नका,” वन्सं म्हणाल्या. हा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. चढा नाही, घाईचा नाही. इस्पितळात मध्येच दिवे गेले, अपघाताची गाडी आली, की एकतीस वर्षं लोकांनी हाच आवाज ऐकला असणार. “ते दोघं एकाच जागी पाय आपटतायत, पुढे सरकत नाहीत. बाकीचे दोघं मागच्या भिंतीला गवतात आहेत.”

“मला काहीच ऐकू येत नाही आत्या,” मुलगा म्हणाला.

“आत्ता थांबलेत, म्हणून. भिंतीच्या डाव्या टोकाला जा.”

तिघं गेले. भिंतीवरून पहिलं डोकं वर आलं तेव्हा तिघांच्या बंदुका तिथे आधीच रोखलेल्या होत्या. मागून दुसरं आलं. मग समोर पाय आपटणारे दोघं बावचळून आत घुसले आणि तेही गेले. गढी राहिली. मी टाळ्या पिटल्या, आमचे हे बाहेरून धावत आले, आणि पलीकडे तिघंही एकदम बोलायला लागले. खोकल्याला हसताना जोराची ढास लागली. ती थांबल्यावर तो म्हणाला, “आत्या, स्पर्धेला बुरुजावर तुम्हीच. दुसऱ्या कुणाला मी उभं राहू देणार नाही.”

“तू काहीतरी सांगणार होतास ना?” वन्संनी भाच्याला विचारलं.

“काही नाही आत्या,” तो म्हणाला. “राहू दे.”

पुढचा सामना सुरू होत होता. कुणी कुठे उभं राहायचं हे एरवी आमचा मुलगा ठरवायचा. त्या दिवशी तो काही बोलेना, बाकीचे दोघंही बोलेनात. पडद्यावर गढीच्या अंगणात तिघं शिपाई बंदुका खांद्याला लावून नुसते उभे होते. त्यांची तोंडं वर बुरुजाकडे होती.

“खोकला दरवाज्यावर,” वन्सं म्हणाल्या. “घोगरा जिन्यात, आणि मी सांगेपर्यंत हलायचं नाही. राजा, तू मागच्या भिंतीला.” तिघंही एका शब्दानं उलट न बोलता आपापल्या जागी गेले.