सोळा पट्ट्यांची टोपली

दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंनी पुढ्यात कागदी कप ठेवला, तेव्हा मास्तरीणबाईंचं डोकंच फिरलं.

"हे काय आता?"

"कप आहे, आजी. काठापासून तळापर्यंत सरळ पट्ट्या कापायच्या. त्या बाहेर उलगडायच्या. मग लोकर एका पट्टीच्या पुढून, दुसरीच्या मागून अशी गोल गोल ओवत न्यायची. छोटीशी टोपली होते. अगदी सोपं आहे, आमच्याकडे सगळे आजीआजोबा करतात."

सोपं म्हणे! ज्या बाईने उभा जन्म लोकांच्या लग्नाचे कोट बेतले, म्हणून गल्लीने जिला टेलर मास्तरासारखं मास्तरीणबाई म्हटलं, जिच्या कापडावरच्या कात्रीचा आवाज ऐकून गिऱ्हाईक बोलता बोलता थांबायचं, तिच्या हातात पिवळ्या प्लास्टिकची, टोकं बोथट केलेली पोरांची कात्री द्यायची आणि वर म्हणायचं, सोपं आहे. व्यायामवाल्या बाई पट्ट्यांबद्दल आणखी काहीतरी सांगत होत्या, पण कापायचं कसं हे दुसऱ्याने शिकवलेलं मास्तरीणबाईंना आजवर कधी खपलं नव्हतं. त्यांनी सरळ खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

शेजारी त्यांची जाऊ बसली होती. घरात आणि गल्लीत तिला सगळे धाकटीच म्हणत, ती सत्तरीला टेकली तरी. धाकटी बसमध्ये कंडक्टर होती. निवृत्त होऊन जमाना लोटला, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्या आवाजाने तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मास्तरीणबाईंनी डोळे वटारले. धाकटीने तोंड मिटलं आणि बाईंनी घरी करायला दिलेले कप, कात्री आणि लोकर पिशवीत टाकली.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. मास्तरीणबाईंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाय सावरला, जीभ तर कधी अडखळलीच नाही, पण उजवा हात रुसून बसला. बोटं मिटायची ती उघडायलाच तयार नसायची. दोघी जावांचे नवरे कधीच गेले होते. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पहिला मजला, एवढ्यात दोघी राहत आणि दिवसभर भांडत. मास्तरीणबाईंचा मुलगा दूरच्या शहरात होता. त्याने फोनवर सांगून टाकलं होतं, "आई, हाताला सुधारणा दिसली तर बघू. नाहीतर रविवारी गाडी घेऊन येतो आणि तुला कायमची इकडे आणतो." मुलगा वाईट नव्हता, चांगलाच होता. म्हणून तर त्याला नाही म्हणणं अवघड. त्याच्या घरात एकच खोली रिकामी होती, म्हणजे धाकटी इथेच राहणार हे उघड होतं.

आणि धाकटी त्यावर चकार शब्द बोलत नव्हती. हे मास्तरीणबाईंना जास्त लागलं. 'सुटली वाटतं,' त्या मनात म्हणाल्या. 'रोज माझी वेणी घाला, बटणं लावा, अंघोळीला पाणी काढा. कोणाला हौस आहे?'

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी पिशवीतला एक कप काढला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. सुधारणाच दाखवायची ना? मग दाखवते. रविवारी तो आला की त्याच्यासमोर ही टोपली ठेवायची आणि म्हणायचं, बघ, याच हाताने केलीय.

पहिला कप टेबलावरून निसटून थेट मोरीत गेला. दुसरा त्यांनी दोन गुडघ्यांत धरला, तर कात्री काठापाशीच अडली. कपाचा काठ गुंडाळलेला असतो, जाड असतो. तो कापायला पंजा पूर्ण उघडावा लागतो, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. डाव्या हाताने उजव्याची बोटं एक एक करून सोडवायची, कात्रीत घालायची, दात ओठ खाऊन दाबायचं. कर्रकन काठ तुटला की पुढे कात्री भलतीकडेच पळायची. एक पट्टी बोटाएवढी जाड, तर शेजारची धाग्यासारखी.

"जाऊबाई, मी धरू का कप?" धाकटीने दारातून विचारलं.

"तू तुझं काम कर."

"माझं काम आवरलं."

"मग दुसरं काढ!"

धाकटी फणकारत गेली. पण दुसऱ्या दिवशी टेबलावर नव्या कपांची चळत होती, आणि ती कुठून आली हा विषय दोघींपैकी कोणीच काढला नाही. मास्तरीणबाई हट्टाला पेटल्या होत्या. सकाळी चहा झाला की बसायचं, हात आखडला की गरम पाण्यात बुडवायचा आणि पुन्हा बसायचं. केराच्या डब्यात फाटक्या कपांचा ढीग झाला. गुरुवारी त्यांना रडू आलं. त्यांनी नाक पुसलं, स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली आणि पुढचा कप घेतला.

शनिवारी संध्याकाळी जमलं. कसं जमलं, तर त्यांनी आपली जुनी रीत धरली. शिंपीकामात माप नेहमी निम्मं करत जायचं असतं. आधी समोरासमोर दोन छेद. मग प्रत्येक भागाचा मध्य धरून छेद. मग त्याचंही निम्मं, आणि पुन्हा एकदा निम्मं. सोळा पट्ट्या झाल्या, सगळ्या सारख्या. हात नवा असला तरी डोळा जुनाच होता. त्या रात्री त्या शांत झोपल्या.

रविवारी सकाळी त्यांनी निळी लोकर घेतली आणि ओवायला बसल्या. एक पुढून, एक मागून. पहिला फेरा सुरेख झाला. दुसरा फेरा घातला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. लोकर पुन्हा त्याच पट्ट्यांच्या पुढून आणि त्याच पट्ट्यांच्या मागून जात होती. फेरे एकमेकांवर नुसते रचले जात होते, वीण बसतच नव्हती. बोटाने जरा ढोसलं की सगळं वर सरकून यायचं.

नेमका तेव्हाच मुलगा दारात. वाकून नमस्कार केला, समोर बसला आणि टेबलाकडे पाहायला लागला. मास्तरीणबाईंनी तिसरा फेरा घातला. तोही सरकला.

"विषम पट्ट्या हव्यात," धाकटी चहा ठेवता ठेवता म्हणाली. "त्या बाई त्या दिवशी तेच सांगत होत्या. सोळा नाही चालत."

"मग आत्ता सांगतेस?"

"तेव्हा सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही डोळे वटारलेत! आणि आठवडाभर स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलंत का मला?"

निम्मं करत गेलं की समच उरतं, एवढं मास्तरीणबाईंच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी लोकर उसवली. एक पट्टी दुभागली की सतरा होतील. बोटं सोडवून कात्रीत घातली, मुलाच्या देखत. पट्टी आधीच अरुंद. कात्री मधोमध गेली, जरा पुढे गेली, आणि हात असा काही आखडला की ती तिरकी वळून पट्टी अर्धवट लोंबायला लागली.

"दे आई, मी कापतो."

"खाली बस!"

मुलगा बसला. मास्तरीणबाईंनी त्या लोंबत्या पट्टीकडे पाहिलं. कापड वाया गेलं म्हणून कोट अडतो होय? त्यांनी कात्री तळाशी नेली आणि ती आख्खी पट्टी छाटून टाकली. पंधरा. मग लोकर घेतली. एक पुढून, एक मागून. दुसऱ्या फेऱ्याला लोकर आपसूक उलटी पडली आणि वीण घट्ट बसली. चहा निवला. काठापर्यंत फेरे चढवून त्यांनी डाव्या हाताने आणि दातांनी गाठ मारली आणि टोपली मुलापुढे सरकवली.

त्याने ती उलटसुलट पाहिली. हसला. "छान झालीय गं. खरंच." मग टोपली खाली ठेवून हळूच म्हणाला, "पण आई, तुला बटणं लावता येतात का? वेणी? रात्री पडलीस तर?"

आठवडाभराची मेहनत त्या एका प्रश्नात पाण्यात गेली. मास्तरीणबाईंना क्षणभर वाटलं, खोटं बोलावं. पण अंगातल्या झग्याची बटणं सकाळी कोणी लावली, ते समोरच उभं होतं.

"नाही येत," त्या म्हणाल्या. "बटणं ही लावते. कदाचित मला कधीच लावता येणार नाहीत. आणि तरीही मला इथेच राहायचंय. हिच्याबरोबर."

मुलगा गोंधळला. "मग हे फोनवर का नाही बोललीस?"

"तू हाताचं विचारलंस, मी हाताचं सांगितलं. मला काय हवंय, हे तू विचारलंस कधी?"

मुलाने टोपली पुन्हा हातात घेतली. मग त्याने काकूकडे पाहिलं. "काकू, तुला झेपेल हे सगळं?"

आख्खी बस गप्प करणाऱ्या धाकटीचा आवाज आज टेबलापलीकडे जाईना. तिने पदराने डोळे पुसले.

"तू मुलगा आहेस. तुझी आई तू नेणार, त्यात मी कोण बोलणारी, म्हणून आठवडाभर जीभ चावून बसलेय," ती म्हणाली. "रोज सकाळी यांची बटणं लावताना मनात येतं, आता चारच दिवस राहिले, तीनच राहिले. आणि तू मला झेपेल का विचारतोस? अरे, या गेल्यावर रिकाम्या घरात मी बोलायचं कोणाशी, ते झेपणार नाही मला!"

मास्तरीणबाईंना आपल्या जावेचा हा आवाज इतक्या वर्षांत माहीत नव्हता. त्यांनी शेजारची खुर्ची पायाने मागे ढकलली.

"बस इथे," त्या म्हणाल्या. "आणि रडू नकोस. मी कुठेही जात नाहीये."