खिडकीजवळचा तिसरा माणूस

या, असे जवळ सरकून बसा. मागे कुणी असेल तर त्यालाही पुढे घ्या. ज्या खोलीत एक माणूस जन्मात कधी गेला नाही, त्याच खोलीत साऱ्या शहरानं त्याला बसलेला पाहिला, त्याची ही गोष्ट. ती नीट ऐकाल तर उद्या सकाळी वर्तमानपत्र उघडताना तुमचा हात क्षणभर थांबेल, एवढं मी आताच कबूल करतो.

एका वर्तमानपत्राची कचेरी होती. लांबट दालन, टेबलाला टेबल लागलेलं, भिंतीवर दिवसभर बडबडणारा टीव्ही. पहिल्या पानावर काय जायचं हे ठरवणारी बाई शेवटच्या टेबलाशी बसे. सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून वयानं थोरले असलेले संपादकसुद्धा. नाव न सांगणाऱ्या माणसानं दिलेली बातमी आली की ताई चष्मा कपाळावर चढवायची आणि विचारायची, "हिला आईबाप आहेत का, की अशीच दारात सापडली?" बातमीदार हसायचे, पण बाहेर येऊन घामही पुसायचे.

त्या दिवशी दुपारी चाहूलराव आला. कुठं काय घडणार याची चाहूल याला सगळ्यांच्या आधी लागते, म्हणून कचेरीनं ठेवलेलं हे नाव. गावाबाहेरच्या जलाशयाची नवी भिंत वर्ष पुरं व्हायच्या आतच तडकली होती. चौकशी समिती बसली होती आणि दुसऱ्या दिवशी महत्त्वाची साक्ष होती. चाहूलरावानं आणलेली बातमी अशी, की काम देण्याच्या आधी जलखात्याचे मंत्री आणि ठेकेदार एका विश्रामगृहात गुपचूप भेटले होते. सांगणारे दोघं, दोघंही मंत्र्यांच्या अगदी जवळचे, आणि नाव छापायला दोघंही तयार नाहीत.

ताईनं विचारलं, दोघांनी काय काय सांगितलं. चाहूलराव खुशीत म्हणाला, तंतोतंत एकच. पडदे ओढलेले होते, हेसुद्धा दोघांनी सांगितलं.

"तंतोतंत एकच सांगितलं, म्हणूनच मला धास्ती वाटते," ताई म्हणाली. "दोन माणसं एका लग्नाला जाऊन आली तरी एक जेवणाचं सांगतो, दुसरा मानपानाचं."

बातमी फेकून द्यावी तर उद्या दुसऱ्या कुणी छापली म्हणजे नाक कापलं जाणार. छापावी तर एका माणसाची कारकीर्द संपणार, आणि तीही दोन अदृश्य तोंडांच्या भरवशावर. ताई जरा वेळ पेन्सिल दातात धरून बसली. मग म्हणाली, दोघांना पुन्हा फोन कर. विचार, तिथं खिडकीजवळ आणखी एक म्हातारे गृहस्थ बसले होते ना? जलखात्यातून निवृत्त झालेले, हातात काठी, डावा पाय जरा ओढत चालणारे?

"म्हणजे तिसरा पण होता?" चाहूलरावाचे डोळे चमकले.

"तू विचार तर खरं."

तो जिन्यात जाऊन बोलून आला आणि आला तो उड्या मारतच. पहिला म्हणाला होता, हो, होते की, तुम्हाला कुठून कळलं? दुसरा जरा घुटमळला होता आणि मग म्हणाला होता, काठीला पितळी मूठ होती बघा, मला चांगली आठवते.

ताईनं चष्मा कपाळावरून काढून टेबलावर ठेवला. "चाहूलराव, असा कुणी माणूस तिथं नव्हता. आत्ता तुझ्यासमोर बसून मी तो बनवला. यांनी त्याला मूठसुद्धा बसवून दिली."

दालनात हशा पिकला. संपादकांनी केबिनमधून डोकं बाहेर काढून काय झालं विचारलं आणि ऐकून तेही हसले. बातमी बाद झाली. एकटा चाहूलराव पडलेल्या तोंडानं उभा होता. जाता जाता त्यानं विचारलं, त्या दोघांना परत फोन करून सांगू का, की तो तिसरा माणूस खोटा होता?

"कशाला?" ताई म्हणाली. "बसू देत त्यांना त्या म्हाताऱ्याशी गप्पा मारत."

मंडळी, चूक झाली ती इथं. ताई लबाड नव्हती, उलट सगळ्या दालनात सचोटीनं वागणारी तीच. पण लबाडाला पकडायला तिनं एक लबाडी दाराबाहेर सोडली, आणि लबाड सापडल्याच्या आनंदात तिला घरात परत बोलवायचं विसरली. सोडलेलं खोटं काही पायरीवर बसून आपली वाट बघत नाही.

उन्हं उतरायच्या सुमाराला भिंतीवरच्या टीव्हीवर लाल पट्टी आली. एका वाहिनीनं मोठ्या आवाजात विचारलं होतं, गुप्त बैठकीतला तिसरा माणूस कोण? खाली विश्वसनीय सूत्रांचा हवाला होता. मंत्री होते, ठेकेदार होता, आणि ओढलेल्या पडद्याच्या खिडकीजवळ एक काळी आकृती काढलेली होती, हातात काठी. जलखात्याचे निवृत्त अधिकारी, निवेदिका सांगत होती, डावा पाय अधू, काठीला पितळी मूठ. यांनीच मध्यस्थी केली असावी.

 ती काठी कुणाची होती हे ताईला आत्ता, पडद्यावर पाहिल्यावर कळलं. सकाळीच ती थोरल्या भावाकडे जाऊन आली होती. निघताना दारामागे उभी केलेली त्याची काठी तिच्या हाताला लागून पडली होती आणि तिनं ती उचलून ठेवली होती. दुपारी मनानं माणूस घडवायला घेतला तेव्हा जे हाताशी होतं तेच उचललं, त्याची काठी, त्याचा अधू पाय, त्याची जलखात्यातली नोकरी.

आणि उद्याची साक्ष होती ती याच दादाची. जलखात्यात असताना भिंतीच्या पायाबद्दल लेखी हरकत घेणारा तो एकटा अभियंता. ज्याच्या शब्दाचा मंत्र्यांना आणि ठेकेदाराला खरा धाक होता, त्याच शब्दाला आता कीड लागली होती.

फोन वाजला. वहिनी होत्या. आवाज दबलेला. दारात कॅमेरे घेऊन माणसं उभी आहेत, ह्यांना विचारतात तुम्हाला किती मिळाले. समितीच्या कचेरीतून निरोप आलाय की उद्याची साक्ष तूर्त थांबवावी म्हणतात. "तू पेपरात आहेस ना गं, हे कुणी केलं तेवढं शोधून काढ."

ताईनं फोन ठेवला.

तिनं त्या वाहिनीच्या संपादकाला फोन लावला. एकेकाळी दोघं एकाच टेबलावर काम केलेले. ती म्हणाली, तिसऱ्या माणसाची बातमी खोटी आहे, उतरव. तो म्हणाला, आमच्याकडे दोन सूत्रं आहेत.

"त्या दोघांचं सूत्र मी आहे."

 मग तो म्हणाला, "हे नावानिशी लिहून दे, लगेच उतरवतो. नाव न घालता सांगशील तर माझ्या लेखी तू त्या दोघांसारखीच तिसरी."

ती संपादकांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी सगळं ऐकलं, खुर्चीत मागे रेलले आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. बाई, ते म्हणाले, हे आपण छापलं तर उद्या लोक म्हणतील यांच्याकडे बातम्या शिजवतात. त्यापेक्षा दुसरं करू. विश्वसनीय सूत्रांनुसार त्या बैठकीत तिसरी व्यक्ती नव्हती, असं टाकू. तुमच्या भावावरचं बालंटही जाईल आणि कचेरीची अब्रूही राहील.

ताई पर्स उचलून बाहेर पडली.

दादाच्या घराचे पडदे ओढलेले होते. दिवसभर खोटे ओढले गेलेले पडदे अखेर इथं खरेच ओढले गेले होते. मागच्या दारानं ती आत गेली. दादा खिडकीपासून लांब, भिंतीला लागून बसला होता. समोरच्या चहावर साय धरली होती.

"धाकटे, बस," तो म्हणाला. मग सांगू लागला, की खात्यात आपल्यावर एवढा दावा धरून कोण असेल याचाच तो विचार करतोय. शेवटी एकच नाव मनात आलं. खात्यात नकाशे काढणारा जुना मित्र. काठीचं, पायाचं, सगळं त्यालाच ठाऊक. मघाशी त्याचा फोन आला होता, दादानं घेतला नव्हता.

"दादा, त्याचा फोन घे," ताई म्हणाली. "तो नाही. तुला त्या खोलीत मी बसवलं."

तिनं पहिल्यापासून सांगितलं, काही गाळलं नाही, हसण्याचंसुद्धा. वहिनी कपबशी उचलायला वाकल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. दादानं डोळे मिटले. बाहेर कुणीतरी दारावर थाप मारून त्याचं नाव घेत होतं.

"मीच का आठवलो तुला?" त्यानं विचारलं.

"खोटा माणूस खरा वाटायला हवा होता," ती म्हणाली. "माझ्या ओळखीचा खरा माणूस तूच."

तो हसला नाही, रागावलाही नाही. दारामागच्या काठीकडे पाहत म्हणाला, "मी त्या खोलीत गेलो नाही. त्यामुळे तिथं राहिलेली माझी काठी मला काही आणता येत नाही. तू ठेवलीस, तूच घेऊन ये."

ताई परतली तेव्हा पहिलं पान जवळजवळ लागलं होतं. तिनं उभ्याउभ्याच चार ओळी लिहिल्या आणि संपादकांसमोर ठेवल्या. त्यांनी त्या मोठ्यानं वाचल्या, दालनात सगळ्यांना ऐकू जातील अशा.

"ज्या तिसऱ्या माणसाची बातमी काल दाखवली गेली, तो मी कल्पनेनं उभा केला होता. सांगणाऱ्यांचा खरेखोटेपणा पाहण्यासाठी मी तो प्रश्न विचारायला लावला आणि तो खोटा आहे हे नंतर त्यांना कळवलं नाही. बैठक झाली की नाही, मला माहीत नाही. तो माणूस तिथं नव्हता हे मला माहीत आहे, कारण त्याला तिथं मीच बसवलं. तो माझा भाऊ आहे." खाली तिचं पूर्ण नाव.

"हे गेलं तर तुमची जागा मला राखता येणार नाही," संपादक म्हणाले.

"नका राखू."

त्यांचा हात कागदावरच राहिला.  तेवढ्यात चाहूलराव पुढं आला. चेहरा उतरलेला, पण आवाज स्पष्ट.

"प्रश्न फोनवर मी विचारला होता," तो म्हणाला. "ताईंच्या खाली माझं नाव घाला."

संपादकांनी दोघांकडे पाहिलं. मग पहिल्या पानावरचा मंत्र्यांचा हसरा फोटो उचलून आतल्या पानावर टाकायला सांगितला आणि मोकळ्या झालेल्या जागेत ती चौकट गेली.

दुसऱ्या दिवशी ती चौकट वाचून समितीनं थांबवलेली साक्ष घेतली. एका सदस्यानं सुरुवातीलाच काठीबद्दल विचारलं. दादानं काठी टेबलावर आडवी ठेवली, साधी लाकडी, मुठीचा रंग हातानं झिजून गेलेला, आणि म्हणाला, आता भिंतीबद्दल बोलू. वाहिनीनं सूत्रांच्या माहितीत थोडी तफावत आढळल्याचं एका ओळीत सांगितलं. ते दोघं अजूनही सूत्रच आहेत, मला चांगलं आठवतं म्हणून आज आणखी कुणाला काहीतरी सांगत असतील. ताई आता वाचकांची पत्रं पाहते. मंत्री खरंच त्या विश्रामगृहात गेले होते का, हे कळायची वाट मात्र त्या दुपारनंतर बुजली ती बुजलीच. त्याचं दुःख ताईला दादाच्या दुःखाइतकंच आहे.

दादानं साक्षीच्याच संध्याकाळी, ज्याचा फोन घेतला नव्हता त्या मित्राला फोन केला. मित्र आला, पण पूर्वी सरळ आत येणारा तो या वेळी दार वाजवून बाहेर थांबला. रस्त्यानं चालताना काही माणसं अजून दादाच्या काठीच्या मुठीकडे वाकून बघतात, पितळ दिसतंय का म्हणून.

तेव्हा बाबांनो, मागणं एवढंच. विश्वसनीय सूत्रांनी सांगितलं, असं कुठं मोठ्या अक्षरांत दिसलं, की पान उलटण्याआधी क्षणभर त्या काठीवाल्या थोरल्या भावाची आठवण करा. तो त्या खोलीत नव्हता.