थर्मामीटरचा हात

म्हाताऱ्याला सगळे थर्मामीटर म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते आवडे. खताच्या ढिगात रात्रभर रोवलेली लोखंडी पहार सकाळी उपसायची, आत गेलेलं टोक मुठीत धरायचं आणि निकाल द्यायचा. गरम लागली तर खत अजून कच्चं, थंड लागली तर शेतात न्यायला तयार. चाळीस वर्षांत तो एकदाही चुकला नाही, असं लोक सांगत. दोनदा चुकला होता, पण एकदा नाव झालं की चुका कोण लक्षात ठेवतो?

गेल्या वर्षभरात मात्र साखरेच्या आजाराने त्याची बोटं बधिर झाली होती. सदऱ्याची बटणं तो बघून बघून लावायचा. घरात अवाक्षर काढलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

यंदाचा ढीग सुनेचा होता. मुलगा दरवर्षी मळणी झाली की बाजरीची धाटं पेटवून मोकळा व्हायचा. तिने ती हट्टाने ठेवून घेतली, बारीक तोडली, शेणकाला घालून थरावर थर रचले, तीन वेळा अख्खा ढीग उलथला. हातांची सालटी निघाली. नवऱ्याची एकच अट होती: बाजरी वाढली तर खत, नाहीतर पुन्हा आगकाडी.

पेरणीच्या तोंडावर तिने पहार उपसून सासऱ्यापुढे धरली. मुलगा शेजारीच उभा होता. म्हाताऱ्याने मूठ आवळली. गरम कळेना, थंड कळेना. जरा जास्तच वेळ त्याने ती धरून ठेवली. आता कळत नाही असं म्हणायची त्याला लाज वाटली.

"थंड आहे. पसरा."

ढीग फोडला तेव्हा वाफ निघाली. सून थबकली, पण सकाळच्या गारव्यात वाफ दिसायचीच असं तो म्हणाला, आणि थर्मामीटरशी वाद कोण घालणार?

तिसऱ्या आठवड्यात बाजरी पिवळी पडली. धाटं जाळणाऱ्या शेजाऱ्याची हिरवीगार, यांची आजाऱ्यासारखी. शेतीचा सल्लागार आला, त्याने मूठभर माती चाळली आणि सांगितलं की खत कच्चं होतं. कुजायचं राहिलेलं काम धाटांनी मातीत केलं आणि पिकाच्या वाट्याचं नत्र खाऊन टाकलं. मुलगा म्हणाला, बाबांनी हात लावून पाहिलं होतं, तेव्हा हिच्या थरांतच काहीतरी चुकलं असणार. सुनेने सासऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याला स्वतःची किळस आली, तरी जीभ उचलली नाही.

कणसं बोटाएवढी आली. उत्पन्न निम्म्यावर आलं. मळणी झाली आणि मुलगा काडेपेटी घेऊन निघाला.

तेव्हा कुठे म्हातारा सुनेजवळ गेला. "पोरी, माझ्या हाताला काही कळत नाही. त्या दिवशीही कळलं नव्हतं."

"माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "संध्याकाळी तुमच्या तळहातावर फोड बघितला होता मी. तोवर पसरून झालं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

तो धावत, म्हणजे त्याला जमलं तसा, शेतात पोचला. एका कोपऱ्यातून धूर निघायला लागला होता. त्याने मुलाला सगळं सांगितलं, बोटांचं, पहारीचं, फोडाचं. तळहात पुढे केला. फोड कधीच बरा झाला होता, कातडीवर वणही नव्हता.

मुलगा हसला, आणि त्या हसण्यात मायाच होती.

"बाबा, तिची बाजू घेताय ते कळतं मला. पण तुमचा हात कधी चुकतो का?"

आणि त्याने दुसरी काडी ओढली.